विष ओळखणारा थाळा

नाशिकरोडच्या सरकारी वसाहतीत वेणीमाधव गायधनी, म्हणजे आपले हेडक्लार्क नाना, यांच्याकडे चहाला जाणं ही शिक्षाच होती. चहा इंदिरावहिनींच्या हातचा, फक्कड; पण तो सुखानं प्यायची सोय नव्हती. कपबशी हातात पडली रे पडली की नाना काचेचं कपाट उघडायचे आणि एकेक हिरवट चिनीमातीचा वाडगा पाहुण्याच्या नाकासमोर धरायचे.

"सेलाडॉन! पाचशे वर्षांपूर्वी चीनहून जहाजानं आलेलं. बादशहा यातच जेवायचे. का, विचारा."

"का?"

"अन्नात विष असलं की भांडं टण्णकन तडकतं. पण खरं असेल तरच हं. खोट्याला ढिम्म कळत नाही."

असे सात वाडगे त्यांनी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात हिंडून हिंडून जमवले होते. वसाहतीत त्यांना या विषयात तोड नव्हती. येत्या महिन्यात वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि भांडी निवडायला मुंबईच्या संग्रहालयातले एक साहेब यायचे होते. मांडलेल्या वस्तूखाली मालकाच्या नावाची पाटी लागणार होती. ती पाटी नानांना झोपेतसुद्धा दिसायची.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या जयराम पगाऱ्यांकडे तो थाळा आला.

जयराम नानांच्याच ऑफिसात. साधा, हसतमुख माणूस. भांड्याबिंड्यांचा नाद असा कधी नव्हताच. मनमाडहून गाडीनं येणाऱ्या बोहारणीकडून त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, दोन जुन्या पँटी आणि एक विटकं लुगडं देऊन तो घेतला होता. परातीएवढा, खोलगट, कोवळ्या पोपटी रंगाचा, आणि तळाला दोन उठावदार मासे. नानांनी तो हातात घेतला आणि दोन-तीनदा उलटासुलटा करून पाहिला. असा रंग त्यांच्या सातांपैकी एकालाही नव्हता.

"खोटा आहे," नाना म्हणाले.

"असेल बुवा," जयराम म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? सुला म्हणत होती, बोहारीण आधी तुमच्याकडेच आली होती. तुम्ही हाकलून दिलं म्हणे."

खरंच दिलं होतं! पेपर वाचताना मध्येच आली म्हणून नाना तिच्यावर खेकसले होते. त्या दिवसापासून नानांना अन्न गोड लागेना. जयरामच्या खिडकीतून थाळ्याची कड दिसायची, म्हणून त्यांनी आपल्या आरामखुर्चीचं तोंड फिरवलं. मग मान वळवून बघावं लागायचं, म्हणून पुन्हा होती तशी केली.

"इतकं जळायचं असेल तर बंबात जाऊन बसा," इंदिरावहिनी म्हणाल्या, "निदान पाणी तरी तापेल."

"मी? जळतोय? त्या भिकार थाळ्यावर?"

वैशाखी पौर्णिमेला जयरामकडे बुद्धजयंतीचं जेवण होतं. खीर सुलाबाईची, पण इंदिरावहिनींनी कटाची आमटी आणावी असा सगळ्यांचाच आग्रह. त्या आमटीवर वसाहत जीव टाकायची. वहिनींना दुसरा कसला मान नव्हता आणि नकोही होता. आमटीचा मान मात्र त्या कुणाला देत नव्हत्या.

सकाळपासून थाळ्यात बर्फाच्या खड्यांवर आंबे ठेवले होते. ऐन पंगतीला जयरामला हुक्की आली. त्यानं आंबे काढले, बर्फ ओतला, थाळा पुसला आणि म्हणाला, "वहिनी, आमटी यात ओता. बादशाही थाटात वाढू."

"अहो, पण त्यात मासे आहेत!"

"चिनीमातीचे आहेत, वहिनी. सोवळ्यातले."

सगळे हसले. वहिनींनी चुलीवरून उतरवलेली रटरटती आमटी थाळ्यात ओतली आणि—

टण्ण!

थाळ्याच्या काठापासून थेट माशाच्या शेपटीपर्यंत केसासारखी चीर गेली. सगळ्यांचे हात पानावरून मागे आले. नानांचा किस्सा कुणाला पाठ नव्हता?

पंगतीतल्या नवसाबाईंनी पातेल्यातली आमटी आधीच चाखली होती. त्यांनी गळा धरला. "अगं बाई, माझ्या पोटात कसंतरीच व्हायला लागलं!" दवाखान्यात कंपाउंडर असलेला चिमाजी उठून उभा राहिला आणि "मिठाचं पाणी आणा, मिठाचं पाणी!" म्हणून ओरडायला लागला. नवसाबाईंनी दोन तांबे मिठाचं पाणी प्यायल्यावर व्हायचं तेच झालं, आणि ते बघून आणखी दोघांना मळमळलं. कुणीतरी रिक्षा आणायला पळालं.

इंदिरावहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो," त्या नानांकडे वळल्या, "तुम्ही सांगा ना यांना. तुम्हाला कळतं त्यातलं."

सगळ्यांच्या नजरा नानांवर. गार थाळ्यात उकळतं ओतलं की तो तडकणारच, एवढं नानांना कळत होतं. पण तसं म्हटलं तर दहा वर्षं सांगितलेला बादशहाचा किस्सा बोंबलला. आणि किस्सा खरा धरला तर आमटीत विष. पण खरं सांगायचं तर नानांना यातलं काहीच खुपत नव्हतं. त्यांना खुपत होतं ते एवढंच, की थाळा तडकला म्हणजे थाळा खरा ठरला! जयरामचा! दोन पँटींचा!

"प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे," नाना म्हणाले.

"गुंतागुंतीचा?" वहिनींचा आवाज एकदम खाली आला, आणि नानांना घाम फुटला. "लग्न झाल्यापासून माझ्या हातचं खाताय, आणि प्रश्न गुंतागुंतीचा?"

त्यांनी आमटीचं पातेलं उचललं आणि तरातरा घर गाठलं. मागोमाग नाना, जयराम, सुलाबाई आणि उभी राहू शकणारी सगळी पंगत. वहिनींनी कपाट उघडून सातही वाडगे ओळीनं मांडले आणि पळी घेतली.

"अगं, हे काय करतेस!"

"हे खरे आहेत ना? मग यांनाच विचारू."

सातही वाडग्यांत आमटी पडली. एकही वाडगा वाजला नाही. वहिनींनी त्यांतला एक उचलून घटाघटा पिऊन टाकला आणि पदरानं तोंड पुसलं.

"आता बोला. माझी आमटी चांगली, की तुमची भांडी खोटी?"

"आमटी! आमटी चांगली!" नाना किंचाळले. "विषाचा किस्सा म्हणजे... लोक म्हणतात तसं. थापच ती."

"थाप?" चिमाजी म्हणाला. "आणि नवसाबाईंना मी दोन तांबे मीठपाणी पाजलं ते?"

जयराम बिचारा शरमेनं अर्धा झाला होता. त्यानं थाळा धुऊन आणला आणि वहिनींपुढे ठेवला. "वहिनी, माझ्या घरी तुमचा अपमान झाला. याच्यापायी झाला. हा तुम्हीच ठेवा. फोडा, नाहीतर यात भाजी निवडा."

नानांच्या मनात आनंदाचं कारंजं उडालं. थाळा घरात आला! त्यांनी लगेच कपाटातली मधली जागा रिकामी केली.

"हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "मला दिलाय." आणि त्या थाळ्यात मेथी निवडायला बसल्या.

पुढच्या आठवड्यात मुंबईचे साहेब आले. त्यांनी सातही वाडगे उलटेपालटे करून पाहिले आणि सभ्यपणे खाली ठेवले. "छान आहेत. हल्लीच्या कारखान्यातले आहेत, पण छान आहेत." पाणी मागायला म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथेच खिळले.

"बाई, ती मेथी जरा बाजूला करता?"

प्रदर्शनाच्या दिवशी वाचनालयाच्या दालनात मधोमध थाळा होता. खाली पाटी: 'सौ. इंदिरा गायधनी यांच्या संग्रहातून'. नानांनी ती पाटी चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली. जयरामच्या खिडकीकडे बघून जळायची त्यांना सवय झाली होती; आता जळायला खिडकीबाहेरही बघायला नको होतं.

थाळ्याशेजारी पैठणी नेसून वहिनी उभ्या होत्या आणि भोवती बायकांचा घोळका.

"अय्या, एवढ्या सुंदर थाळ्याला ही चीर कशी हो पडली?"

"खरा थाळा विष ओळखतो," वहिनी गंभीरपणे म्हणाल्या.

नाना चपापले. "अगं, ती तर थाप—"

"थाप कसली? मी डोळ्यांनी बघितलंय ना. आमटीत काही नव्हतं हो. पण हे अगदी शेजारीच बसले होते!"