रहीमभाऊंचे उस्ताद

रहीमभाऊंच्या घरी जायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. दाराशीच एका स्टुलावर ॲल्युमिनियमची परात ठेवलेली असते आणि परातीत जाडसर कापूस अंथरलेला असतो. किल्ल्या, सुटी नाणी, पेन, चष्म्याची डबी, सगळं त्यात काढून ठेवायचं. माझ्याबरोबर एकदा मी शिकवतो त्या शाळेचे मुख्याध्यापक आले होते. त्यांच्या कमरेचा पट्टाही या माणसाने उतरवून घेतला.

"बक्कल वाजते, सर," रहीमभाऊ शांतपणे म्हणाले. "उस्तादले खडखड चालत नाई."

उस्ताद म्हणजे कोणी गवई नव्हे. रहीमभाऊंच्या होम थिएटरचा सबवूफर. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा, काळा, चौकोनी खोका. तो बोलत नाही, गात नाही. नुसता खालच्या पट्टीतला जाडजूड आवाज काढतो. ढग गडगडले, ढोल वाजला, पूल कोसळला की काम त्याचं. बोलणं आणि गाणं हे भिंतीवर टांगलेल्या छोट्या स्पीकरांकडे. त्यांना रहीमभाऊ 'पोट्टे', म्हणजे पोरं, म्हणतात. "पोट्टे बोलतेत, उस्ताद काम करतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या खोक्याला कोणी 'डब्बा' म्हटलं तर त्या दिवशी चहा मिळत नाही.

रहीमभाऊ गादीवाले. अर्धं बल्लारपूर त्यांनी भरलेल्या गाद्यांवर झोपतं, आणि पाठ दुखली तर सकाळी त्यांच्याच नावाने बोटं मोडतं. वरोऱ्याहून कापूस येतो, रहीमभाऊ तो पिंजून भरतात आणि त्यांच्या पत्नी शमीमभाभी लांब सुईने टाके घालतात. असं टाके घालणारं माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरं नाही, असं रहीमभाऊ म्हणतात आणि ते खरं आहे. मी स्वतः भाभींच्या टाक्यांवर झोपतो. कापूस इकडचा तिकडे होत नाही.

आता, घरात कापूस अमाप आणि शत्रू खडखडाट. मग काय विचारता! उस्ताद आले त्या आठवड्यात रहीमभाऊंनी घरातली प्रत्येक वाजणारी वस्तू शोधून काढली. फोटोंच्या मागे कापूस, खिडकीच्या काचांच्या फटीत कापूस, मांडणीतल्या डब्यांच्या मध्ये कापूस. स्वतःचं घर संपल्यावर ते कापसाचा बोळा घेऊन आमच्या घरात शिरले. आमची भिंत एकच ना! आमचं घड्याळ, देव्हाऱ्यातली घंटा, बायकोच्या काचेच्या कपाटाची दारं, सगळ्यांची तोंडं बंद केली. "आपलं आता घर नाही, उशी झाली आहे," बायको म्हणाली.

उस्तादांना बसवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. गादीवाल्याला सुचेल तेच आधी सुचलं. त्यांनी उस्तादांसाठी मखमली खोळीची, चांगली वीतभर जाड गादी केली. उस्ताद तिच्यावर बसले आणि आवाज एकदम मऊ पडला. "झोप लागून राह्यली जी त्याहीले," रहीमभाऊ हळहळले. मग सागवानाचा चौरंग आला. आमच्याकडे कोणालाही काही भक्कम करायचं असलं की सागवानच आठवतं. त्याखाली रबराचे तुकडे लागले आणि उस्ताद जागे झाले.

पण जागा? रहीमभाऊंनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की, माणूस जिथे बसणार तिथे सबवूफर ठेवायचा, तो सुरू करायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे आवाज सगळ्यात भरून येईल ती त्याची जागा.

"रांगा, सर," ते मला म्हणाले.

"मी? मी का?"

"मी गुडघ्यानं पंगू हाये. आन् तुम्ही शिकलेले."

शिक्षणाचा आणि रांगण्याचा संबंध मला अजून कळलेला नाही. पण मी रांगलो. वर सूचना चालूच होत्या. "कानानं नका ऐकू जी! बेस हा कानाचा विषयच नाई. तळहात टेकवा. हाताले काय लागून राह्यलं, ते सांगा." मी बाजेखालून निघून कपाटाच्या कोपऱ्यात पोचलो तेव्हा तळव्यांना अशा मुंग्या आल्या की मी ओरडलोच. "मिळाली!" रहीमभाऊ म्हणाले आणि त्यांनी मला उठवून मिठी मारली. दारात आमची ही आणि शोभाबाई हे दृश्य पाहत उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं.

या शोभाबाई आमच्या ओळीच्या शेवटच्या घरात राहतात. आवाज असा की कोळशाच्या खदानीचा भोंगा बिघडला तर त्यांना बोलवावं. मनात आलं ते तोंडावर, आणि तेही अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं.

उस्तादांची निगा हा वेगळाच विषय. खदानीची काळी धूळ आमच्याकडे रोजची पाहुणी. ती उस्तादांवर बसू नये म्हणून मलमलचं फडकं दिवसातून किती वेळा फिरतं ते विचारू नका. कापसाच्या घरात उंदीर आलेच. एकदा उस्तादांचा आवाज फुसफुसायला लागला, तर मागच्या भोकातून आत जाऊन उंदरीण बाळंत झालेली! रहीमभाऊंनी पिलं अलगद काढली आणि भोकाला बारीक जाळी लावली. कोणीतरी म्हणालं, भोकच बुजवून टाका. तेव्हा ते असे चिडले, जणू त्याने कोणाचं नाक दाबायला सांगितलं होतं. "श्वास घेतेत ना बाप्पा त्याच्यातून!"

पण कहर केला तो मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच माहीत. कूलरशिवाय माणूस खोलीत बसू शकत नाही. रहीमभाऊंनी उस्ताद चालू असताना कूलर बंद ठेवायचा नियम काढला, कारण कूलरची ओली हवा उस्तादांच्या पडद्याला बाधते. पाहुणे घामाने निथळायचे आणि रहीमभाऊ त्यांना पुठ्ठ्याने वारा घालायचे. पुठ्ठ्याचा वारा कोरडा असतो.

एवढं सगळं ओळीने हसून सोसलं. बिघडलं ते त्या ब्लास्टिंगच्या दिवशी.

आमच्या ओळीचा एक रिवाज आहे. दुपारी खदानीचा भोंगा झाला की घराघरांतल्या बायका मांडणीवरच्या बरण्या आणि कपबशा खाली जमिनीवर उतरवतात. मग थोड्या वेळाने खदानीत सुरुंग लावून ब्लास्टिंग होतं, जमीन हादरते, आणि हादरा गेला की सगळं पुन्हा वर चढतं. नव्या सुनेला आमच्याकडे स्वयंपाकाच्या आधी हे शिकवतात.

त्या दिवशी भोंगा झाला, भांडी उतरली. आणि नेमकं त्याच वेळी रहीमभाऊंनी उस्तादांच्या चौरंगाखाली नवे रबर घालून चाचणी घेतली. धडाम! भिंती थरारल्या. ओळ म्हणाली, झालं बाई एकदाचं. बरण्या वर चढल्या. लोणची वर चढली. शोभाबाईंचा लेकीच्या सासरहून आलेला चिनी मातीचा संचही वर चढला.

मग खरं ब्लास्टिंग झालं.

आमच्या ओळीत असा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता. शोभाबाई हातात कपाचा नुसता कान धरून रहीमभाऊंच्या दारात आल्या. "तुमच्या डब्ब्याले आमी खदान समजलो जी!"

आता कोणीही शहाण्या माणसाने माफी मागितली असती. रहीमभाऊंचा चेहरा उजळला. "खरंच? पुरी ओळ समजली?"

"पुरी ओळ!"

"पाहा सर!" ते माझ्याकडे वळले. "खदानीले बारूद लागते. आपल्याले एक बटन."

झालं. संध्याकाळी ओळीची बैठक बसली. खोका घराबाहेर काढा, नाहीतर ठाण्यात तक्रार, असं एकमताने ठरलं. शिवाय रहीमभाऊंच्या जोडीला शमीमभाभींवरही राग निघाला. पूर्वी ही बाई नळावर सगळ्यांत आधी असायची. कोणाची हळद असो, बारसं असो, भाभी पाटावर बसून हसत असायच्या. होम थिएटर घरात आलं त्याच्या थोडं आधीपासून त्यांनी येणं सोडलं. रस्त्यात हाक मारली तरी वळून बघत नाहीत. "भाव वाढला बाईचा," ओळ म्हणायची. कोणी रहीमभाऊंना टोकलं तर ते आणखी तोऱ्यात म्हणायचे, "बेगमले फुरसत नाई जी." त्यामुळे सगळेच जास्त चिडायचे, मी धरून.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. पुढारी मी, कारण मी 'सर', आणि मागे शोभाबाई. परातीत किल्ल्या टाकून आत शिरलो, तर पिक्चर चालू होता. भाभी भिंतीला टेकून आपल्याच टाक्यांच्या गादीवर बसल्या होत्या. पडद्यावर हाणामारी रंगात आली होती. आम्ही आलो तरी भाभींनी मान वळवली नाही.

"बाई, आता तुमीच सांगा तुमच्या मालकाले," शोभाबाई त्यांच्या खास आवाजात म्हणाल्या.

भाभी पडद्याकडेच पाहत होत्या.

"पिक्चरच्या वक्ती ती कोणाले जबाब नाई देत," रहीमभाऊ घाईने म्हणाले. "शौकीन हाये."

"शौक घरात ठेवा! आधी ते बंद करा, मंग बोला!"

रहीमभाऊ क्षणभर थांबले. मग वाकून त्यांनी उस्तादांचं बटन बंद केलं. फक्त उस्तादांचं. भिंतीवरचे पोट्टे चालूच होते. नायक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, त्याची आई रडत होती, खोलीत आम्हाला एकमेकांचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

भाभींनी दचकून मान वळवली. "काऊन जी?" त्या म्हणाल्या. "आवाज काऊन बंद केला?"

पडद्यावरचा नायक ओरडतच होता. भाभींनी आम्हाला पाहिलं, रहीमभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हळूच पदर सारखा केला. दोन वर्षं एका भिंतीला राहून मला काही कळलं नव्हतं.

शोभाबाई पुढे झाल्या. मला वाटलं, आता आणखी काय बोलणार. त्या गादीवर भाभींना खेटून बसल्या. "लावा जी भाऊ," त्या म्हणाल्या. एवढ्या खालच्या आवाजात त्या बोलू शकतात हे ओळीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

उस्ताद सुरू झाले. भाभींनी शोभाबाईंचं मनगट धरलं, त्यांचा तळवा गादीवर दाबला आणि कोपराने ढोसून म्हणाल्या, "आता पाहा. आता पडते तो." आणि खलनायक पडला.

रहीमभाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी सांगितलं. भाभींना ताप आला होता, दवाई जहाल होती, कान गेले. नागपूरपर्यंत दाखवलं. मशीन लावली तर कानात नुसती शिट्टी वाजायची, तिने काढून फेकली. दोघं दर महिन्याला चंद्रपूरला पिक्चर पाहायला जायचे, ते बंद झालं. मग एकदा रस्त्यावरून ढोल चालले होते आणि भाभी खिडकीच्या गजाला हात लावून हसल्या. त्यानंतरच उस्ताद घरात आले.

"पण आम्हाला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगून काय, सर? सारे तिले बिचारी म्हणतीन." त्यांचा आवाज चढला. "मले पागल म्हणा, काई म्हणा. घमंडी म्हणा दोघाईले. पण माही बेगम बिचारी नाई जी."

उस्ताद आहेत तिथेच आहेत. चाचणी आता ब्लास्टिंग झाल्यानंतर होते, एवढाच फरक. ओळीला शोभाबाईंनी सांगून टाकलं, "त्या पागलाशी बोलण्यात मतलब नाई, आन् बाईचा भाव तर विचारूच नका. पण मी काई सोडत नाई त्याहीले!" दर रविवारी दुपारी त्या रहीमभाऊंकडे भांडायला जातात. पिक्चर संपेपर्यंत भांडतात.

मला या दोघांचा शेजारी असल्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. हे सगळं लिहिण्याआधी मात्र मी मोबाइलवर टाइप करून भाभींची परवानगी मागितली. त्यांनी सुई गादीत टोचून ठेवली, सावकाश वाचलं आणि आत उस्तादांवर फडकं मारत असलेल्या रहीमभाऊंकडे एकदा पाहिलं.

"लिहा सर," त्या म्हणाल्या. "पण त्याहीले पागलच ठेवा. माह्यासाठी झाले ते. मले माहीत हाये, हे त्याहीले माहीत नाई."