अधिकृत चालकाची शुद्ध

माणूस जगतो की जातो, हा दैवाचा प्रश्न आहे. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हा विम्याचा. पहिल्याचं उत्तर अजून कोणालाच नीट देता आलेलं नाही. दुसऱ्याचं मात्र भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने करारातच देऊन ठेवलं आहे, आणि तेही अशा बारीक अक्षरात, की ग्राहकाला वाचायची तसदी पडू नये.

बाई मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. क्लच कसा सोडायचा, हे निम्मं शहर त्यांच्याकडून शिकलं होतं. (कंपनीच्या दावा विभागाचे साहेबही त्यांचेच विद्यार्थी. तिसऱ्या खेपेला पास झाले.) यजमान वजनमाप निरीक्षक. दुकानदाराचा काटा जरासा झुकलेला दिसला तरी त्यांना रात्री जेवण जात नसे. भाचीकडे जायला दोघांनी गाडी भाड्याने घेतली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आणखी कोणी चालवणार आहे का? दुसरं नाव घालायला पैसे पडत नाहीत."

"कोण चालवणार? मी आहे ना," यजमान म्हणाले. बाई शेजारीच उभ्या होत्या. बाहेर काढलेलं लायसन्स त्यांनी पर्समध्ये परत ठेवलं. संसारातही त्या क्लच हळूच सोडत आल्या होत्या.

अर्ध्या वाटेत यजमानांच्या छातीत कळ आली. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि त्यांची शुद्ध हरपली. बाईंनी त्यांना ओढून, ढकलून शेजारच्या सीटवर घातलं आणि गाडी अशी हाणली, की शिकवणीत कोणी तशी चालवली असती तर त्याला त्यांनी तिथेच उतरवून दिलं असतं. हॉस्पिटलच्या फाटकात वळताना दार खांबाला घासलं. डॉक्टर म्हणाले, "जरा उशीर झाला असता तर कठीण होतं." थोडक्यात, यजमान वाचले आणि दार गेलं.

यजमान हिंडूफिरू लागल्यावर दोघं दावा विभागात गेले. साहेब बाईंना पाहून उठून उभे राहिले, चहा मागवला आणि मग त्यांनी कंपनीचं धोरण समजावलं. धोरण अत्यंत माणुसकीचं आहे. अधिकृत चालक झोपलेला असो, चिडलेला असो, की पार बेशुद्ध असो, त्याने केलेलं नुकसान विमा भरून देतो. अनधिकृत चालक मात्र कितीही शुद्धीवर असला तरी अनधिकृतच. (पाहणीनुसार बेशुद्ध अधिकृत चालकांपैकी एकानेही आजवर सेवेबद्दल तक्रार केलेली नाही. शुद्धीवरचे सगळे करतात.)

"मग मी काय करायला हवं होतं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही मॅडम. बसून राहायचं."

"आणि यांचं काय?"

"सर स्टिअरिंगवर होतेच की. पुढे जे काही झालं असतं, ते सगळं विम्यात बसलं असतं."

तरीही गुरूचा मान म्हणून साहेबांनी वाट काढली. गाडी आपणच चालवत होतो, एवढं सरांनी म्हणायचं. बाकी साहेब बघून घेतील.

"दाराचा खर्च मी करते," बाई यजमानांना म्हणाल्या. "पण तुम्ही खरं काय ते सांगा. एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे मला."

चार ग्रॅमसाठी दुकानांना टाळं लावणाऱ्या यजमानांनी एकदा पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच चालवत होतो." दावा जागच्या जागी मंजूर झाला.

बाईंना फार वाईट वाटलं. जीव वाचवला, त्याचं कौतुक नको होतं त्यांना. पण वाचलेल्या माणसाने निदान 'गाडी हिने चालवली' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

पुढे कंपनीने यजमानांना सन्मानपत्र पाठवलं, 'शुद्ध हरपल्यावरही वाहनावर ताबा राखल्याबद्दल'. ते आता दिवाणखान्यात लावलेलं आहे. पाहुणे आले की यजमान तो थरार सांगतात आणि पाहुणे माना डोलावतात. (बेशुद्ध माणूस गाडी कशी चालवेल, असं आजवर कोणीही विचारलेलं नाही.)

परवा मात्र नातेवाइकांनी भरलेल्या घरात बाईंनी मध्येच सांगून टाकलं, "गाडी मी चालवत होते."

सगळ्यांच्या माना सन्मानपत्राकडे वळल्या. मग थोरले दीर म्हणाले, "तरीच म्हटलं, दार कसं घासलं."

सगळे पोट धरून हसले. आणि वाचकहो, तुम्हालाही आत्ता जरासं हसू आलं, त्याची रीतसर नोंद झाली आहे.