फोनच्या रांगेत मोतीबिंदू

नव्या फोनची एजन्सी मोबाईलवाल्याला मिळाली, तेव्हा नफ्याच्याही आधी त्याने मनात एकच गोष्ट जमेला धरली: सासरी पंख्याखालची खुर्ची आता आपली. आजवर ती साडूची होती. साडूचं चष्म्याचं दुकान याच्या दुकानासमोरच. "सगळ्या गावाचे डोळे आमच्या थोरल्या जावयाच्या हातात," असं सासरेबुवा पाहुण्यांना ऐकवायचे, तेव्हा धाकटा जावई दाराजवळच्या स्टुलावर निमूट बसलेला असायचा. कंपनीची अट मात्र होती. पहिल्या दिवशी निदान एक फोन खपला पाहिजे, नाहीतर एजन्सी परत.

जाहिरात कंपनीनेच केली. दुकानावर भलंमोठं पोस्टर लागलं. त्यावर एक टपोरा डोळा आणि खाली "आता स्पष्ट दिसेल. शुक्रवारी अकरा वाजता, इथेच." फोनचं चित्र नाही, नाव नाही.

"अहो, पण हा फोन आहे हे लोकांना कळायचं कसं?"

"तीच तर गंमत आहे, शेठ," कंपनीचा जाहिरातवाला म्हणाला. "कुतूहल ताणायचं. तुम्हीही कुठं बोलायचं नाही. बायकोलासुद्धा नाही."

"तिला मी तसंही काही सांगत नाही. तिला आधीच कळलेलं असतं."

शुक्रवारी रांग पार वळणापर्यंत गेली. जाहिरातवाला फोटो काढत सुटला. रांगेत काळ्या केसांचं डोकं औषधालाही नाही, हे फक्त मोबाईलवाल्याच्या लक्षात आलं. त्याने शटर वर केलं.

"डॉक्टर आले का?" पहिल्या आजोबांनी विचारलं.

"कसले डॉक्टर?"

"डोळ्यांचे. थेंब घालणार असाल तर आधीच सांगा, मी सायकलवर आलोय."

"आजोबा, हा फोन आहे. याचा कॅमेरा अगदी माणसाच्या डोळ्यासारखा."

"मग याला मोतीबिंदू होतो का?"

मागच्या बाई करवादल्या, "आधी माझा डावा बघा. सकाळपासून उपाशी आहे मी."

"उपाशी कशाला?"

"तपासणीला उपाशीच यायचं असतं."

रांगेच्या मध्यावरून सासरेबुवांनी हात हलवला. "जावईबापू, जरा वशिला लावा की."

जाहिरातवाल्याचं डोकं मात्र अजून चालू होतं. "प्रत्येकाच्या हातात फोन द्या, शेठ. पडद्यावरचं वाचू देत. प्रेमातच पडतील."

फोन हातोहात फिरले. अक्षरं मुंगीच्या पावलाएवढी. एकालाही एक ओळ वाचता येईना. "अगं बाई, माझा नंबर वाढला वाटतं," म्हणत उपाशी बाई रस्ता ओलांडून थेट साडूकडे गेल्या. त्यांच्यामागे आजोबा, आजोबांमागे अख्खी रांग आणि रांगेतच सासरेबुवा. मागे उरले मोबाईलवाला, जाहिरातवाला आणि वरचा तो टपोरा डोळा.

दिवेलागणीला साडू आला. "एक द्या त्यातला."

मोबाईलवाल्याला गहिवरून आलं. "साडूभाऊ, माझ्यासाठी?"

"छे हो. माझा अक्षरांचा तक्ता लोक अंदाजाने वाचतात, वर भांडतात. तुमचा फोन हातात दिला की बिनतक्रार चष्मा घेतात. काउंटरला बांधून ठेवतो."

एजन्सी वाचली. मोबाईलवाला लगबगीने बिल करायला बसला. खोक्यावरचा नंबर उतरवायचा होता. खोकं त्याने जवळ धरलं, लांब धरलं, दिव्याखाली धरलं. मग साडूने खिशातून एक चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. नंबर लख्ख दिसला.

"फ्रेमचे घरच्या माणसाकडून घेत नाही," साडू म्हणाला. "काचांचे तेवढे द्या."

दिवसअखेरचा हिशेब असा: पोस्टरचा खर्च कंपनीच्या अंगावर पडला, चष्म्यांचा म्हाताऱ्यांच्या. फोनचे पैसे साडूने रोख मोजले, आणि त्यातला मोबाईलवाल्याचा सगळा नफा काचांपोटी उचलून परत खिशात घातला.