पहिली सही, पुन्हा एकदा

आमच्या गल्लीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच त्याचा उद्देश होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आता कोणी विश्वास ठेवत नाही. पण त्या काळी माणसे भोळी होती आणि परदेशी मदत यायची होती.

पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत संध्याकाळी वर्ग भरे. खाली गिरणी सुरू झाली की फळा हादरे आणि बाईंनी काढलेल्या अक्षराला जादा शेपूट फुटे. आम्ही ते शेपटासकट उतरवून घेत असू. मी आणि माझी वहिनी एकाच बाकावर. वहिनी इस्त्रीचा धंदा करायची. तिची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मागच्या खेपेला पाटी वाचता न आल्यामुळे वहिनी भलत्याच बसमध्ये चढून थेट आगारात पोचली होती, आणि तिला आणायला आलेला जावई वाटभर चकार शब्द बोलला नव्हता. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे ती म्हणे. म्हणून तिने ठरवले होते, की या वेळी बाळाच्या आधी आपण पोचायचे, तेही स्वतः पाटी वाचून.

आपापले नाव लिहायला आम्ही शिकलो. दुसऱ्या धड्यापासून पाट्या वाचायच्या होत्या. नेमके त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय सहकार्य आले.

सहकार्याबरोबर एक दुभाषी आणि एक कॅमेरेवाला होता. वहिनीने सर्वांसमोर नाव लिहिले. जन्मभर इस्त्री ओढून तिचा हात तसाही कापायचा. त्यात शेवटच्या अक्षरावर घामाचा थेंब पडला. पाहुण्यांतल्या एक बाई हुंदके देऊन रडल्या. त्या रडण्यावर सामंजस्य करार झाला. वर्गाला पंखे आले आणि पंख्यांखाली बसायला एक समन्वयक आला.

पुढच्या पाहुण्यांच्या आदल्या दिवशी समन्वयकांनी वहिनीला सांगितले, की उद्या नाव पहिल्यांदाच लिहायचे.

"अहो, पण मला येतं की आता."

"मावशी, ते आपल्यातच राहू द्या."

मग त्यांनी समजावले, की करारात 'प्रथम स्वाक्षरीचा क्षण' एवढेच फलित नमूद आहे. दुसऱ्या धड्याची तरतूद नाही. पहिल्या धड्याचे मूल्यमापन झाल्यावर त्या तरतुदीचा विचार होईल. मूल्यमापन यथावकाश झाले आणि पहिला धडा अधिक बळकट करावा, अशी शिफारस आली.

माझीही परीक्षा घेतली गेली. मी झरझर नाव लिहिले, पेन्सिल ठेवली आणि चहा आला का ते पाहू लागले. 'लाभार्थीच्या मुद्रेवर परिवर्तन आढळले नाही' असा शेरा पडला आणि मला साक्षर घोषित करून वर्गातून काढून टाकण्यात आले. माझ्या साक्षरतेचे प्रमाणपत्र मी शेजारणीकडून वाचून घेतले. पुढे नातीच्या पुस्तकावरून, कोणाच्याही सहकार्याशिवाय, मी वाचायला शिकले, ते वेगळे.

शिकवणाऱ्या बाई बिचाऱ्या सरळ होत्या. त्यांनी एका संध्याकाळी फळ्यावर हळूच एका बसची पाटी लिहिली. मंजुरीविना प्रगती घडवल्याबद्दल त्यांना समज मिळाली, आणि शिकवण्याचा वेग आवरण्याच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवण्यात आले.

इकडे वहिनीची कला बहरत होती. दुसऱ्या अक्षरावर अडायचे, छताकडे पाहायचे, पेन्सिलीचे टोक मोडायचे, सगळे तिला साधले. तिचे नाव ऐकून इतर देशांनीही आपापल्या बायका तिच्या हाताखाली पाठवल्या. त्यांना चांगले लिहिता येत होते, म्हणून आधी विसरण्याचे वर्ग घ्यावे लागले. एक तर तिकडे मास्तरीण होती. तिला विसरताना फार कष्ट पडले; पण जिद्दीची होती, जमवले.

लेकीचा निरोप आला, आता कधीही होईल. वहिनीने समन्वयकांना गाठून विचारले, की साहेब, दुसरा धडा कधी?

"मावशी, तुम्ही आता एका गल्लीच्या राहिला नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही दुसरा धडा शिकलात, तर इतक्या देशांचा पहिला बुडेल."

आणि तिला विमानात बसवून जागतिक परिषदेला नेले. विमानतळावर तिने अंगठा उठवला, कारण पहिली सही व्यासपीठासाठी राखीव होती. तिथे तिने असे काही नाव लिहिले, की सभागृह उभे राहिले. लोक घरी निघाले असे वाटून तिने शेवटचे अक्षर घाईने उरकले. त्याच सुमारास इकडे लेक बाळंत झाली.

परतल्यावर बाळ बघायला म्हणून वहिनी तशीच बसथांब्यावर गेली. सोबत मी. एक आंतरराष्ट्रीय कीर्तीची निरक्षर, दुसरी प्रमाणित साक्षर. दोघींना मिळून एक पाटी वाचता येईना. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. पहिल्याच पानावर वहिनीचा फोटो, आणि तो पाहून गृहस्थ रुमालाने डोळे टिपत होते. बस आली. वहिनीने अदबीने विचारले, "दादा, ही कुठं जाते हो?"

त्यांनी मान वर केली. "एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय. वाचायला शिका की जरा, आजी," म्हणाले, आणि उरलेले रडायला पुन्हा फोटोत शिरले.

बस गेली. ती लेकीकडचीच होती, हे मागाहून कळले.

त्या गृहस्थांना मी बोल लावत नाही. अशांच्या रडण्यावरच तर वर्ग चालतो. तो आजही चालू आहे. दुसरा धडा विचाराधीन आहे. हे वाचून तुम्हालाही वहिनीसाठी गलबलून आले असेल, तर हात जोडून सांगते, आवरा. कोणी पाहिले, तर पहिल्या धड्याला आणखी मुदतवाढ मिळेल.