चांगल्या वर्तणुकीचा दाखला

इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. येथील सर्व रहिवासी अत्यंत सज्जन असल्याची नोंद इतिवृत्तात आहे. ती मीच केलेली आहे. त्यामुळे ४०३ मधल्या भाडेकरू स्वाती परब यांचा अर्ज आला तेव्हा कमिटीला घाम फुटला. खोट्या शिक्क्याच्या प्रकरणात तीन वर्षे भोगून त्यांचे पती ईश्वर सुटले होते आणि चक्क घरी राहायचे म्हणत होते.

"सुधारायचं काम जेलचं ना? मग पूरा सुधारेपर्यंत ठेवायचा!" खजिनदार गुणवंतभाई म्हणाले.

"पूर्णच सुधारलेत, भाई. हा बघा दाखला." स्वातीताईंनी तुरुंग अधीक्षकांचा कागद पुढे केला. वर्तणूक उत्तम, शिक्षेत सूट, सुतारकामात पहिला नंबर.

गुणवंतभाईंनी तो उलटसुलट पाहिला. "पण हा तर जेलचा आहे! जेलमध्ये नव्हते असा आणा."

"आणते. पण मग नियम सगळ्यांना सारखा हवा."

आम्ही सज्जनच, घाबरायचे कशाला? दाखल्याशिवाय कुणीच राहायचे नाही, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला.

तोवर ईश्वरना गेटपर्यंतच प्रवेश. ते वरसाव्यात मित्राकडे झोपत आणि संध्याकाळी गेटवर येत. मुलगी दिव्या गजांतून डबा देई. दहा मिनिटे झाली की वॉचमन सदू शिट्टी वाजवी.

"तिकडे वीस मिनिटं मिळायची, सदूभाऊ," ईश्वर एकदा एवढेच म्हणाले. मला फार वाईट वाटले. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

स्वातीताईंच्या अर्जाला तुरुंग खात्याचे उत्तर आले: 'श्री. परब यांना असा दाखला देता येत नाही. मात्र अद्याप आमच्याकडे दाखल न झालेल्या उर्वरित रहिवाशांना देता येईल. सोबतचा नमुना भरावा.'

नमुन्यात नावाखाली एकच प्रश्न होता: 'हातून घडलेली, परंतु उघडकीस न आलेली कृत्ये.' जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी.

मी नमुने घरोघरी वाटले आणि आठवड्याची मुदत दिली. गुणवंतभाईंनी बाल्कनी परवानगीशिवाय आत घेतलेली. मिनल मॅडमच्या फ्लॅटमध्ये पाच भाडेकरू. पोलिसांत नोंद एकाचीही नाही, विचारले की सगळे मावसभाऊ. आणि मी? मी पहिल्या पाच मिनिटांतच पुरवणी शोधू लागलो.

मुदत संपली, दाखला एकाकडेही नाही. ठरावानुसार सगळ्यांनाच बिऱ्हाड हलवावे लागणार होते. कमिटीने तातडीची सभा घेऊन ठरावच रद्द केला, आणि त्या संध्याकाळी ईश्वर मुलीचा हात धरून वर गेले.

फॉर्म सगळे कोरेच परत आले. कपाटात जपून ठेवलेत. तुम्हाला एक देऊ? भरून आणलात, तर तुम्ही पहिलेच.