गेनॉरचे पांढरे कपडे आणि मर्व्हची पेल एल

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मर्व्ह बॅस्किनने गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडून आतलं ब्लँकेट बाजूला केलं, तेव्हा बिअरच्या बादलीचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलं होतं. झाकणातून वर आलेल्या बाकदार नळीतून खरं तर बुडबुडे निघायला हवे होते. ती ढिम्म होती. बादलीच्या बरोबर डोक्यावर लाकडी पट्ट्यांची फळी, आणि फळीवर, हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळणाऱ्या गावच्या बोलिंग क्लबातल्या चार बायकांचे पांढरेशुभ्र कपडे. चार शर्ट, चार लांब विजारी, सगळ्यांना कडक इस्त्री. अकरा वाजता अंतिम सामना होता.

“मेलो,” मर्व्ह हळूच म्हणाला.

बादली तिथे असायचं काही कारणच नव्हतं. मर्व्हने चौतीस वर्षं सफरचंदांच्या गोदामातले सरकते पट्टे दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यापासून तो घरी बिअर करत होता. पहिल्या खेपेला भिजक्या पुठ्ठ्याची चव आली. दुसऱ्या खेपेची बिअर गेनॉरने, म्हणजे त्याच्या बायकोने, गोगलगायी मारायला वापरली, आणि गोगलगायींनीही तिच्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे यंदा त्याने मनावर घेतलं होतं. पेल एल, म्हणजे फिकट सोनेरी बिअर करायची. पहिल्या घोटाला फळांची टोपली तोंडात रिकामी व्हावी, आणि मागाहून हॉप्सच्या बोंडांचा कडवटपणा जिभेला चिमटा काढून जावा, अशी.

शेजारचा तामाती पारेइहा हॉप्स सुकवायच्या भट्टीवर कामाला होता. मार्च महिना, तोडणी ऐन भरात. त्याने कुंपणावरून हिरव्यागार बोंडांचं एक पोतं मर्व्हच्या हातात दिलं होतं.

“आज दुपारपर्यंत वेलीवर होती ही, भावा. बिअर चांगली आंबली की टाक. आणि दुसरं काहीही टाकू नकोस. फळांचा वास हॉप्सच देतात.”

“थोडं पॅशनफ्रूट टाकू?”

“नको.”

“वेल नुसता लगडलाय रे.”

“मर्व्ह, नको म्हटलं ना!”

मर्व्हने बावीस पॅशनफ्रूट टाकली.

मग गॅरेजमधल्या गारठ्यात दोन दिवस यीस्ट हूं की चूं करेना. म्हणून गुरुवारी गेनॉर सरावाला गेल्यावर त्याने बादली उचलून घरातल्या सर्वांत उबदार जागी, या कपाटात, आणून ठेवली. पुन्हा पुन्हा चोरून झाकण उघडायला नको म्हणून हॉप्सही तेव्हाच कोंबले. वर एक जुनं ब्लँकेट टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी गेनॉरने संघाचे कपडे फळीवर रचले आणि ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा मर्व्हला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

गेनॉर संघाची कप्तान. क्लब एकोणीस वर्षांनी अंतिम फेरीत आला होता. चौघींचे कपडे तिने स्वतः धुतले होते, कारण बाकी तिघींच्या इस्त्रीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सकाळी साडेसातला हिरवळ बघायला निघताना ती दारातून म्हणाली होती, “साडेदहाला कपडे घेऊन ये. घडी मोडू नकोस. मर्व्ह, ऐकतोयस ना? घडी!”

आधी कपडे खाली काढून ठेवावेत आणि मग बादलीला हात लावावा, हा विचार मर्व्हला नंतर सुचला. नंतर तो दिवसभर सुचतच राहिला. त्या क्षणी मात्र त्याला फक्त ती तुंबलेली नळी दिसत होती. ‘पॅशनफ्रूटचा गर अडकला असणार,’ असं म्हणत त्याने गेनॉरची क्रोशाची सुई आणली आणि नळीत खुपसली.

आधी बारीक शिट्टी वाजली. मग नळी उडाली. पाठोपाठ झाकणाने एक बाजू सोडली, आणि हिरवट पिवळा फेसाळ खांब सरळ वर चढला, फळीच्या पट्ट्यांमधून, शर्टांमधून, विजारींमधून, थेट छतापर्यंत. छतावर तो क्षणभर विचार करत थांबला आणि मर्व्हच्या टकलावर उतरला.

सगळं शांत झाल्यावर कपाटातून आंबा, पॅशनफ्रूट आणि ताज्या कापलेल्या गवताचा असा काही सुगंध सुटला, की तशाही अवस्थेत मर्व्हने मिशीवरचा थेंब चाटून पाहिला. बिअर अप्रतिम झाली होती. त्याला रडूच आलं.

मर्व्हची हाक ऐकून तामाती गमबूट घालून कुंपणावरून आला. कपाट बघितलं, छत बघितलं, मर्व्हच्या कानावरचं हॉप्सचं बोंड बघितलं.

“पॅशनफ्रूट टाकलंस ना?”

“दोन-तीन.”

“भावा, तुझ्या भुवईत बिया आहेत.”

“तामाती, ती मला जिवंत ठेवणार नाही.”

“नाहीच ठेवणार. मीही नसतं ठेवलं. चल, मशीन लाव.”

कपडे मशीनमध्ये गेले. पण घड्यांमध्ये दडलेली हॉप्सची पानंही त्यांच्याबरोबर आत गेली, आणि पंधराव्या मिनिटाला गाळणी तुंबून मशीन बंद पडलं. पाण्याने भरलेलं, दार कुलूपबंद. काचेतून गेनॉरच्या शर्टाची बाही त्यांच्याकडे बघून हलत होती. मर्व्हने चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि खालची झडप उघडली. सगळं पाणी स्वयंपाकघरात आलं. ते तामातीच्या गमबुटांच्या वर गेलं नाही, एवढंच काय ते समाधान.

गाळणी साफ करून मशीन पुन्हा लावलं, आणि पावणेदहा वाजता कपडे बाहेर निघाले. डाग गेले होते. म्हणजे असं, की आता वेगळा असा डाग दाखवता आला नसता. आठही कपड्यांना एकसारखा, फिकट, उन्हाळी पिवळा रंग चढला होता.

“क्रीम म्हणता येईल,” तामाती मान वाकडी करून म्हणाला.

“कोणाला?”

“ज्याला कमी दिसतं त्याला.”

“पण ओले आहेत रे! पाऊण तासात वाळणार कुठे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तामाती नको नको म्हणत असतानाच गाडीची किल्ली काढत होता.

भट्टी घरापासून सात मिनिटांवर होती. जाळीच्या फरशीवर गुडघाभर हॉप्स पसरलेले आणि खालून गरम हवेचा लोट. तामातीने इकडेतिकडे पाहत, मुकादम चहाला गेल्याची खात्री करून, चार शर्ट आणि चार विजारी हॉप्सच्या गादीवर पसरल्या. मर्व्ह कडेला उभा राहून घड्याळाशी बोलत होता. वीस मिनिटांत कपडे कडकडीत वाळले. विजारी चारेक बोटं आखूडही झाल्या. आणि प्रत्येक धाग्यात हॉप्सची पिवळी पूड अशी बसली, की मर्व्हने शर्ट झटकला तर ढगच उठला.

“वास येतोय,” मर्व्ह म्हणाला.

“मला नाही येत. मी महिनाभर याच वासात झोपतोय.”

“तामाती, या कपड्यांना दारूच्या गुत्त्याचा वास येतोय!”

“मग सांग नवीन साबण आहे म्हणून.”

आणि ही एक सूचना मर्व्हने तंतोतंत पाळली.

क्लबात पोचेपर्यंत दहा चाळीस झाले होते. गेनॉरने पिशवी उघडली. वरचा शर्ट उचलला. उजेडात धरला. नाकाजवळ नेला. मर्व्ह जमिनीकडे बघत होता.

“काय आहे हे?”

“नवीन साबण,” मर्व्ह म्हणाला. “थोडा मळकट वाटला शर्ट, म्हणून म्हटलं पुन्हा एकदा धुवून टाकावा.”

“तू. धुतलेस.”

“हो.”

“स्वतःहून.”

“अगं, एकोणीस वर्षांनी आलाय सामना!”

गेनॉरने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात तिच्या संघातली डोरीन शर्टात डोकं घालून बाहेर आली आणि म्हणाली, “अय्या, कसला गोड वास आहे गं! कुठला साबण?” बाकीच्या दोघीही बाह्या हुंगायला लागल्या. वेळ नव्हता. चौघी कपडे बदलून घोटे दाखवत हिरवळीवर उतरल्या.

डोंगरापलीकडच्या संघाची कप्तान विनिफ्रेड टॉड, शिस्तीची बाई. तिने लगेच हात वर केला.

“पंच! नियमात पांढरा किंवा क्रीम रंग आहे. हा रंग बघा. ही तर कावीळ आहे!”

पंच होत्या अर्सुला फिंच. वय बहात्तर, नियमपुस्तिका कायम काखेत. त्या गेनॉरजवळ आल्या, चष्मा सारखा केला, कॉलर दोन बोटांत धरली आणि वाकल्या. मर्व्हने प्रेक्षकांच्या बाकाची कड घट्ट धरली. अर्सुलाबाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

“क्रीम,” त्या म्हणाल्या. “नक्की क्रीम.”

“अहो, पण बाई—”

“विनिफ्रेड, क्रीम म्हटलं की क्रीम! नियमात वासाबद्दल काही नाही. खेळा.”

ऊन चढलं तसा कपड्यांतला सुगंधही चढला. दुसऱ्या डावापर्यंत तो हिरवळभर पसरला, चौथ्यापर्यंत बाकांवर पोचला. प्रेक्षकांतले म्हातारे चुळबुळ करायला लागले. “कोणी बाटली उघडलीय का रे?” असं कुजबुजत एक जण उठला आणि बारचं दार लोटून बघून आला. बार साडेबाराला उघडायचा होता. डोरीन दर चेंडूआधी स्वतःची बाही हुंगत होती आणि उगाचच खिदळत होती. विनिफ्रेडच्या संघाची मात्र दशा झाली. त्यांच्यातल्या एकीने तर चेंडू टाकायचा सोडून विचारलं, “इथे थंड काही मिळेल का?”

शेवटच्या डावाला बरोबरी होती. विनिफ्रेडचा एकच चेंडू उरलेला. ती वाकली, नेम धरला, आणि नेमकी तेव्हा वाऱ्याची झुळूक गेनॉरकडून तिच्याकडे गेली. विनिफ्रेडने आवंढा गिळला. भल्यामोठ्याने. चेंडू सुटला तो, ज्याच्या जवळात जवळ थांबायचं त्या छोट्या पांढऱ्या गोळ्याला ओलांडून, हिरवळ ओलांडून, थेट कडेच्या खळगीत गेला.

गोळ्याला सर्वांत जवळ गेनॉरचाच चेंडू राहिला, आणि तिचा संघ एका गुणाने जिंकला! डोरीनने अर्सुलाबाईंची पापी घेतली. मर्व्हने बाकावर उभं राहून टोपी फेकली, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी चहात पडली.

पण चषक हातात यायच्या आधीच बायकांनी त्याला गराडा घातला.

“साबणाचं नाव काय हो, मर्व्ह?”

“नाव… नाव असं नाही त्याला.”

“म्हणजे घरगुती?”

“अगदी घरगुती.”

“पावडर की वडी?” हे अर्सुलाबाईंनी विचारलं, वही-पेन्सिल काढून.

“पातळ,” मर्व्ह म्हणाला. हे तरी खरं होतं.

“मला दोन बाटल्या ठेवा,” मागून विनिफ्रेड टॉड म्हणाली. “नाही, चार.”

मर्व्हच्या कपाळावर घाम आला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात गेनॉरने चषक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, “सध्या संपलाय. पुढची खेप आली की कळवू.” आणि नवऱ्याचं कोपर धरून त्याला गाडीकडे घेऊन गेली.

गाडी निघाली. सफरचंदांच्या बागा गेल्या. पूल गेला.

“गेनॉर, मला तुला काही सांगायचंय.”

“साबण नव्हता.”

“नव्हता.”

“मर्व्ह, लग्नाला अडतीस वर्षं झाली. तू गाडीतून उतरलास तेव्हाच मला कळलं. तुझ्या कानात हॉप्सचं पान आहे. अजून आहे.”

मर्व्हने कान चाचपला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. बादली, ब्लँकेट, सुई, छत, मशीन, स्वयंपाकघरातलं पाणी, भट्टी. “माझीच चूक,” तो म्हणाला. “तामाती सांगत होता पॅशनफ्रूट नको म्हणून. त्याचाच गर नळीत अडकला. मी गाढव आहे.”

गेनॉर खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून मर्व्ह एका हाताने खिशातला रुमाल शोधायला लागला.

“गर नव्हता तो,” ती म्हणाली.

“मग?”

“कापूस होता.”

“कसला कापूस?”

“गुरुवारपासून तुझी ती बादली भिंतीपलीकडे डब-डब करत होती! माझ्या उशीच्या बरोबर मागे! सामना तोंडावर, आणि मला डोळ्याला डोळा नाही. तुला बोलले असते तर तू तासभर यीस्टबद्दल सांगत बसला असतास. म्हणून काल मी त्या नळीत कापसाचा बोळा कोंबला. चांगला, दाबून.” आता तिला हसू आवरेना. “मला काय माहीत रे, बुडबुड्यांना एवढा राग येतो ते!”

मर्व्हने गाडी कडेला थांबवली. अडतीस वर्षांत बायकोवर चिडायची एवढी चांगली संधी त्याला कधीच मिळाली नव्हती. त्याने छाती भरून श्वास घेतला, बोट वर केलं, तोंड उघडलं. श्वासाबरोबर तिच्या शर्टाचा वास आत गेला, आणि तोंडातून हसूच फुटलं. मग दोघंही हसत सुटली, चषक सीटखाली घरंगळेपर्यंत, मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवेपर्यंत.

गेनॉरने पिवळ्या बाहीने डोळे पुसले. बाही नाकाशी आल्यावर ती जरा थांबली.

“मर्व्ह, त्या बादलीत काही उरलंय का रे?”

“अर्धी आहे अजून.”

“आणि चवीला?”

“अगं, काय सांगू तुला!”

“मग गाडी का थांबवलीस?”