आधी विचारा त्याला

मार्गासनीहून निघालेल्या एसटीत बबनकाका मांडीवर उघडं मशीन घेऊन बसले होते. शेजारच्या सीटवर त्याला जोडलेली मोटारसायकलची बॅटरी.

"काका, ह्ये काय?" कंडक्टरनं विचारलं.

"पेशंट हाय. बेशुद्ध हाय, पण जित्ता हाय. वायरीला धक्का लावू नका."

भोरच्या आमच्या छोट्या कारखान्यात दुधाची फॅट मोजायची मशीनं बनतात. त्यांच्या बोर्डांवरचे सुटे भाग मी कथलाचे डाग देऊन जोडते. मी यवतमाळकडची, सातवीत शाळा सुटलेली. एवढ्या लांब मला कुणी काम दिलं याचं अजून नवल वाटतं, आणि ते जाईल ही धास्तीही. मशीनच्या डोक्यातला प्रोग्राम लिहितात ते बबनकाका.

मशीन अडकलं की सगळे ते बंद करून पुन्हा चालू करतात. काकांना याचा भारी राग. "बंद केलं की ते समदं इसरतंय. आधी विचारा त्याला." मग ते काडेपेटीएवढी डबी बोर्डाला जोडतात. चिप कुठल्या ओळीवर थांबली, तिथवर कुठल्या वाटेनं आली, सगळं कॉम्प्युटरवर उमटतं. काका त्याला सातबारा म्हणतात.

मार्गासनीच्या डेअरीतलं मशीन रोज अडकायला लागलं, तेव्हा कारखान्याचे शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "डाग कच्चा असणार. दुसरी बाई बघावी लागंल." मी दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी भरूनच कामावर आले. काका मात्र डेअरीत जाऊन बसले. मशीन अडकल्यावर बटणाकडे गेलेला डेअरीवाल्याचा हात त्यांनी धरला, आणि मशीन बॅटरीवर तसंच चालू ठेवून, नसरापूरला गाडी बदलून, भोरला आणलं.

सातबारा वाचून ते शेठना म्हणाले, "डाग पक्का हाय. पावतीचा कागद संपला की मशीन प्रिंटरच्या उत्तराची वाट बघत बसतंय. किती येळ बघायची, ह्ये म्या लिहिलंच न्हाई. डेअरीवाला कागद घालून बंद-चालू करायचा, म्हणून कळलं न्हाई. चूक माझी."

शेठनी चहा मागवला, मलाही.

संध्याकाळी मी विचारलं, "काका, माझी चूक नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाई. म्हणून तर विचारायला गेलो." ते डबीची वायर गुंडाळत राहिले. "पुण्याच्या कंपनीतनं मला काढलं, तवा कुणी विचारलं नव्हतं."

वायर गुंडाळून झाली, तरी ते उठले नाहीत.

"टेबलाखाली पिशवी कसली हाय, पोरी?"

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.